मास्टरांची डावीकडे चढणारी रेषा

मास्टरांकडे माझे पहिल्यांदा लक्ष गेले तेव्हा त्यांचा वस्तरा माझ्या नवऱ्याच्या गळ्यावर होता.

ह्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. एकट्याने रस्ता ओलांडायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून मी ह्यांना दाढीसाठी घेऊन गेले होते आणि बाकावर बसून वर्तमानपत्र चाळत होते. एक खुर्ची, समोर भिंतभर आरसा, मागे बाक आणि कोपऱ्यात घरघरणारा पंखा, एवढेच ते सलून. साबणाचा आणि ओल्या टॉवेलचा वास. ह्यांनी मान मागे टाकून डोळे मिटले होते. मास्टरांनी हनुवटीखाली वस्तरा टेकवला, हात तिथेच थांबवला आणि अगदी सहज विचारले,

"काका, बापाचं वय मुलाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते दुप्पट होणार. तर मुलाचं आजचं वय उणे बारा. बरोबर?"

"बरोबर," हे ओठ न हलवता म्हणाले.

"म्हणजे मुलगा अजून जन्माला यायचाय."

"यायचाय, यायचाय."

"बारा वर्षांनी येईल."

"येऊ दे. सावकाश येऊ दे."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. माझी सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली. उणे वयाचे मूल माझ्या डोळ्यांदेखत जन्माला घातले जात असताना गप्प बसणे मला जमण्यासारखे नव्हते.

"साफ चूक!" मी म्हणाले.

हे दचकले. मास्टर दचकले नाहीत. वस्तरा जिथल्या तिथे राहिला. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"चूक कशी, बाई? दुकान उघडल्यापासून येईल त्याला विचारतोय. एकजात सगळे बरोबर म्हणाले."

"सगळे म्हणजे कोण?"

"गिऱ्हाइकं."

"आणि विचारताना वस्तरा कुठे होता?"

मास्टरांनी खाली पाहिले. "इथंच," ते म्हणाले.

मग मी त्यांना समजावून सांगितले. मुलगा उणे बारा, तर त्याच्या तिप्पट म्हणजे बाप उणे छत्तीस. मुलगा बारा वर्षांनी जन्मणार आणि बाप छत्तीस वर्षांनी. म्हणजे बाप पाळण्यात असेल तेव्हा मुलाला मिशा फुटून जुन्या झालेल्या असतील.

मास्टर विचारात पडले. "तरीच," ते म्हणाले. "गणित अवघड म्हणतात ते ह्यामुळं."

"अहो, ती बारा वर्षं तुम्ही नुसती बापालाच दिलीत. मुलाला कोण देणार? तोही वाढेल ना?"

"ते राहिलंच," मास्टर म्हणाले. चेहऱ्यावर खरोखरची खंत होती, एखाद्याच्या पानात वाढायचे राहून गेल्यासारखी.

"आधी माझी दाढी पुरी करा," हे म्हणाले. "मग त्या पोराला काय वर्षं द्यायची ती द्या."

मास्टर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. दुकान त्यांच्या वडिलांचे, खुर्चीही वडिलांचीच, आणि मास्टर हे नावही वडिलांकडूनच आलेले. माणूस किरकोळ अंगाचा, खिशात कंगवा, बोलणे हळू. त्यांची एक गंमत मला पुढे कळली. समोरून येणाऱ्या माणसाला ते रस्त्यात ओळखत नसत. तो पुढे निघून गेला, की मागून त्याची मान बघून हाक मारत. "अहो काका! समोरून आलात, लक्षातच आलं नाही!" लोकांना आधी राग येई. मग सवय झाली. काही जण तर त्यांच्यासमोर आले, की ओळख पटावी म्हणून स्वतःहून पाठ फिरवत.

सकाळी मास्टर जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जात. ऑपरेशनला जायच्या रुग्णाच्या पोटावरचे, छातीवरचे, पायावरचे केस काढायचे, हे त्यांचे तिथले काम. कित्येक वर्षे ते हे काम रोजंदारीवर करत होते. घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे हे त्यांना चांगले कळत होते. "पोट छान सपाट आहे तुमचं, वळणं नाहीत, आत्ता होईल," असे ते म्हणत, आणि उद्या ज्याचे पोट फाडायचे आहे तो माणूस स्तुती झाल्यासारखा लाजे.

आता त्या रुग्णालयाने ठरवले होते, की ही जागा कायम भरायची. पगार, रजा, निवृत्तिवेतन, सगळे. अट एकच: उमेदवार शालान्त परीक्षा पास हवा, सगळ्या विषयांत. मास्टर सगळ्या विषयांत पास होते, गणित सोडून. तरुणपणी ते गणिताला पुन्हा पुन्हा बसले आणि पुन्हा पुन्हा राहिले, मग वडील गेले आणि खुर्ची गळ्यात पडली. आता मात्र पुढच्या परीक्षेत गणित सुटले नाही, तर कायमची जागा तर जाणारच होती, पण चालू असलेली रोजंदारीही बंद होणार होती. यादीत दुसरे नाव लिफ्टवाल्याच्या मेव्हण्याचे होते. तो पास होता. वस्तरा त्याने फक्त लांबून पाहिला होता. काम समजून घ्यायला म्हणून एकदा वॉर्डात आला, तर त्यालाच खाटेवर आडवे करावे लागले.

"मी कारकुनाला विचारलं," मास्टर मला सांगत होते. "म्हटलं, साहेब, पोटावरचे केस काढायला वर्गसमीकरण कशाला? तर म्हणाला, पोटाला लागत नाही, पदाला लागतं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? त्याचं बरोबर असेल. त्याच्या हातात शिक्का होता."

शिकवाल का, असे त्यांनी मला सरळ विचारले नाही. ह्यांची दाढी झाली, टॉवेल झटकला, आणि ते आरशातल्या मला म्हणाले, "बाई, काकांना पुढच्या वेळी पण तुम्हीच आणणार ना?" मी हो म्हटले. मग "दुपारी गर्दी नसते," असेही त्यांनी आरशाला सांगितले. मला काय ते समजले. माझी अट एकच होती: हातात पाते असताना कोणालाही उत्तर विचारायचे नाही.

"मग विचारू कधी?" मास्टर म्हणाले. "पातं खाली ठेवलं की गिऱ्हाईक उठून जातं."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. मी बाकावर, मास्टर स्टुलावर, आणि खुर्चीत बहुधा हे, कारण दुकानात दुसरी बरी बसायची जागा नव्हती. मी रोज काही उदाहरणे कागदावर लिहून द्यायची आणि त्यांनी ती दुसऱ्या दिवशीपर्यंत सोडवून आणायची. शाळेतल्या गृहपाठात असतात तीच: वयाची, वेळ आणि कामाची, आयताची, दोन समीकरणांची आणि त्यांच्या आलेखांची.

मास्टरांचे डोके चांगले होते. फक्त ते प्रत्येक उदाहरणात माणूस शोधत. बारा माणसे एक काम आठ दिवसांत करतात, तर सोळा माणसे किती दिवसांत करतील? मास्टरांचे उत्तर, नऊ दिवस. मी विचारले, कसे? "चार माणसं वाढली म्हणजे एक मुकादम नेमणार. मुकादम आला की एक दिवस हजेरीत जाणार." मी म्हटले, ह्या माणसांना मुकादम नाही, चहा नाही, पाठदुखी नाही, ती बोलतसुद्धा नाहीत. "मग सहा," मास्टर लगेच म्हणाले. "पण बाई, असली माणसं कुठल्या खात्यात मिळतात?"

वर्गसमीकरणाने मात्र त्यांना जिंकले. लांबी रुंदीपेक्षा तीनने जास्त, क्षेत्रफळ चाळीस, तर रुंदी किती? उत्तरे दोन येतात, पाच आणि उणे आठ. रुंदी उणे नसते, म्हणून उणे आठ सोडून द्यायचे. मास्टरांना हे आधी पटेना. "इतक्या मेहनतीनं आणलेलं उत्तर टाकून द्यायचं?" मग त्यांनी खाली, खुर्चीभोवती पडलेल्या ह्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्यासारखंच. टाकायचं ते टाकलं, की उरतं ते रूप." त्या दिवसापासून वर्गसमीकरण चुकले नाही. उणे उत्तर आले, की ते त्यावर काट मारून शेजारी "झाडले" असे लिहीत.

अभ्यासाला वेळ मात्र नव्हता. सकाळ रुग्णालयात, उरलेला दिवस दुकानात. तेव्हा मास्टरांनीच आपली जुनी युक्ती काढली. मी दिलेले कागद त्यांनी बाकाच्या वरच्या भिंतीला चिकटवून टाकले. हात केसांत आणि डोळे कागदावर. काम करता करता अभ्यास. पाठांतर झपाट्याने होऊ लागले. गिऱ्हाइकांनाही त्याची झळ लागू लागली. शेजारचा औषधवाला एकदा मला दारातच भेटला, एका गालावर फेस तसाच.

"बाई, मी दाढीला येतो की परीक्षेला?" तो म्हणाला. "अर्धी दाढी झाली आणि मास्टर मधेच थांबला. म्हणे, एक मिनिट, य ची किंमत निघतेय."

"मग?"

"मग काय, निघाली. पण तोवर हा फेस वाळला ना!"

सगळे ठीक चालले होते. आलेखापाशी गाडी अडली.

दोन समीकरणे दिली, की मास्टर ती चुटकीसरशी सोडवत. क्ष बरोबर, य बरोबर. पण त्याच समीकरणांच्या रेषा आलेख कागदावर काढायला सांगितल्या, की चढणारी रेषा उतरायला लागे आणि उतरणारी चढायला. नीट पाहिले तर त्यांनी शून्यापासून एक, दोन, तीन हे आकडे डावीकडे मांडलेले असत आणि उणे आकडे उजवीकडे. बाकी सगळे आखीव, रेखीव, सुबक. अशा आलेखाला परीक्षेत शून्य गुण मिळतात, आणि प्रश्नपत्रिकेत आलेख हमखास असतो.

मी सांगितले, धन आकडे उजवीकडे. मास्टर म्हणाले, हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. मी लाल शाईने लिहून दिले. पुन्हा डावीकडे. शाळेत मी क्वचितच आवाज चढवला असेन, पण त्या दुपारी चढवला.

"मास्टर, किती वेळा सांगायचं? धन उजवीकडे!"

"बाई, तुम्ही तोंडानं उजवीकडे सांगता," मास्टरही आता हट्टाला पेटले होते. "आणि काढून देताना डावीकडे काढता. मी तुमचं बघूनच काढतो ना!"

"मी? मी डावीकडे काढते?"

"मग हे काय आहे?" त्यांनी कात्रीने दाखवले.

मी भिंतीवरच्या माझ्या कागदाकडे पाहिले. एक, दोन, तीन उजवीकडेच होते. "हे उजवीकडेच आहे!"

"डावीकडे आहे!"

"डोळे आहेत का तुम्हाला?"

"काकांना विचारू," मास्टर म्हणाले. त्यांनी कात्री ठेवली, कंगवा ठेवला आणि दोन्ही हात वर करून दाखवले. "बघा बाई, हातात काही नाही. काका, तुम्ही खरं सांगा. बाईंनी एक, दोन, तीन कुठल्या बाजूला लिहिलेत?"

ह्यांनी आपला नवा डोळा बारीक केला. "अगं, खरंच डावीकडे लिहिलेयस की," हे म्हणाले. "आणि आकडेही काय विचित्र काढतेस हल्ली."

संसारात ह्यांनी मला कधी खोटे पाडले नव्हते. मी ह्यांच्याकडे पाहिले. मग ह्यांची नजर कुठे आहे ते पाहिले. मग मास्टरांची. दोघेही आरशात बघत होते. माझा कागद त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होता, आणि त्यांना दिसत होता तो समोर, आरशात, उलटा.

मी बाकावर बसले. "मास्टर," मी म्हणाले, "मागे वळून बघा."

ते वळले. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. पुन्हा आरशात पाहिले. पुन्हा भिंतीकडे.

"अरेच्चा," ते म्हणाले.

"पण मग अक्षरं? आकडे? तेही उलटेच दिसत असतील. ते कसे वाचता?"

"ते काय, नेहमीसारखे."

तेव्हा उलगडा झाला. मास्टर लहानपणापासून ह्या दुकानात वाढले. गिऱ्हाईक खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसते आणि मास्टर ते आरशातून वाचतात. जगातल्या सगळ्या बातम्या त्यांनी उलट्या वाचल्या होत्या. दुकानाच्या काचेवरचे नावही आतून उलटेच दिसते. उलटे अक्षर त्यांना सुलट्यापेक्षा सरावाचे झाले होते. लिहिताना ते अक्षर आपोआप फिरवून सुलटे करत, कारण अक्षर कसे असते ते ठाऊक होते. पण रेषा कशी असते हे कोणाला ठाऊक असते? रेषा ती दिसली तशी काढली. तरुणपणीही ते इथेच, वडिलांच्या हाताखाली खुर्चीमागे उभे राहून, भिंतीवर कागद लावूनच अभ्यास करत. दरवेळी गणित नेमके कुठे राहत होते ते आम्हा तिघांनाही एकदमच समजले.

"म्हणजे मी नापास नव्हतो," मास्टर सावकाश म्हणाले. "फिरलेला होतो."

"नापासच होता," हे म्हणाले. "पण सुबक."

परीक्षा जवळ आली होती. दुकान सोडून बसायला वेळ नाही, आणि सवय जन्माची. मी म्हटले, हरकत नाही, मीच उलटे लिहून देते. भिंतीवर उलटे असले, की आरशात सुलटे दिसेल. मी घरी जेवणाच्या टेबलावर हातातला आरसा उभा करून उलटे लिहायचा सराव सुरू केला. उलटा तीन, उलटा सात, उलटा क्ष. पहिलीतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून.

"निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात," हे म्हणाले. "तू अक्षरओळख विसरायला बसलीस."

"तुम्ही गप्प बसा. डावीकडे आहे म्हणून साक्ष कोणी दिली?"

"मी खरं तेच सांगितलं. म्हणून तर उलगडा झाला!"

उलटे कागद भिंतीवर लागले. औषधवाला आला, वळून भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही कुठली भाषा?"

"गणित," मास्टर म्हणाले.

"मला वाटलंच," तो म्हणाला आणि निमूटपणे मान मागे टाकली.

आता सगळे सरळ होईल अशी माझी खात्री होती. चार दिवसांनी मी आलेख तपासायला घेतले. धन आकडे डावीकडे.

"मास्टर!"

"बाई, खरं सांगतो, आरशात आता वाचताच येत नाही," मास्टर अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "सगळं सुलटं दिसतं. आरशात सुलटं वाचायची सवयच नाही, अडखळायला होतं. म्हणून मी वळून भिंतीवरचंच वाचतो. ते बरं पडतं. नेहमीसारखं आहे ते."

माणसाच्या उलटेपणाला पुरे पडेल इतकी उलटी भिंत कुठून आणायची?

त्या वेळी मास्टरीण डबा घेऊन आल्या होत्या. मास्टरांच्या बायकोला सगळे मास्टरीण म्हणतात. बाई ठसठशीत, आवाज खणखणीत, आणि ह्या सगळ्या अभ्यासावर त्यांचा विश्वास मुळीच नव्हता. नवऱ्याच्या गुडघ्यांवर तर त्याहून नव्हता. दिवसभर उभे राहून ते फार काळ टिकणार नाहीत हे त्यांना माहीत होते, आणि कायमच्या जागेची खरी घाई त्यांनाच होती. डबा स्टुलावर आपटून त्या म्हणाल्या,

"काय झालं आता?"

मी सांगितले. भिंत, आरसा, डावे, उजवे.

"म्हणजे ह्यांना उलटंच काढता येतं?"

"हो ना."

"पण उलटं बरोबर काढतात?"

"अगदी बरोबर."

"मग कागद उलटा करा की!" मास्टरीण कडाडल्या. "अहो, मागच्या बाजूनं काढा! तुमचं ते उलटं मागं राहील आणि पुढं सरळ उमटेल. एवढ्यासाठी बाईंना उलटी अक्षरं गिरवायला लावलीत, लाज नाही वाटली? चला, जेवा."

मास्टरांनी एक आलेख कागद घेतला, पालथा घातला. पातळ कागद तो, छापलेल्या रेघा मागूनही दिसत होत्या. त्यांनी पेन्सिल दाबून आपल्या सवयीप्रमाणे अक्ष काढले, बिंदू मांडले, दोन रेषा ओढल्या. मग कागद सुलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. धन आकडे उजवीकडे. चढणारी रेषा चढत होती. उमटलेल्या खुणांवरून त्यांनी पुन्हा पेन्सिल फिरवली आणि कागद माझ्यापुढे धरला.

मी लाल शाईने बरोबरची खूण केली. मास्टरीण तोवर डबा उघडून भाजी वाढत होत्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दुकानात गेलो ते ह्यांचे केस वाढले होते म्हणून नव्हे. मास्टर नुसतेच स्टुलावर बसले होते.

"कसा गेला पेपर?" मी विचारले.

"गेला म्हणजे, जातच होता," मास्टर म्हणाले. "आधी दारातच अडवलं. पालकांनी बाहेर थांबायचं म्हणाल्या, त्या पर्यवेक्षक बाई. म्हटलं, मीच आहे. तर म्हणाल्या, तुम्ही आहात ते दिसतंय, तुमचा मुलगा कुठाय? ओळखपत्र दाखवलं तेव्हा सोडलं."

"मग?"

"मग आलेख आला. मी कागद पालथा घातला. मागून काढलं, उजेडाला धरलं. त्या धावत आल्या. काय वाचताय मागं? म्हटलं, वाचत नाही, काढतोय. मागं का काढताय? पुढं उलटं येतं म्हणून."

"असं सांगितलंत?" हे म्हणाले.

"खरं तेच सांगितलं, काका. त्यांनी केंद्रप्रमुखांना बोलावलं. त्यांनी कागद घेतला, पुढं बघितला, मागं बघितला. म्हणाले, दोन्हीकडे एकच आहे की. मी म्हटलं, नाही साहेब, मागचं माझं आहे. पुढचं बाईंचं."

मी कपाळाला हात लावला.

"तसे ते एकदम ताठ झाले. कुठल्या बाई? वर्गात आहेत? म्हटलं, नाही, घरी असतात. मग कागद दिला कधी? म्हटलं, कागद तुमचाच, रेषा माझीच, बाजू तेवढी बाईंची."

"अहो मास्टर!"

"मग म्हणाले, आमच्यासमोर पुन्हा काढून दाखवा. नवा कागद दिला. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला पर्यवेक्षक बाई. सगळा वर्ग पेपर सोडून बघतोय. मी पालथा घातला, काढलं, फिरवलं, गिरवलं. केंद्रप्रमुखांनी खिशातून चष्मा काढून बघितलं. म्हणाले, हे बरोबर आहे. पण असं का, ते मला सांगू नका. नियमात कागदाच्या कुठल्या बाजूनं काढायचं ते लिहिलेलं नाही. बसा."

"मग बाकीचा पेपर?"

"वेळ गेला ना त्यात. माणसांचं आणि दिवसांचं उदाहरण तसंच राहिलं." मास्टरांनी कंगवा खिशात खोचला. मग म्हणाले, "ते जमत होतं मला, बाई. मुकादम काढून टाकला होता."

निकाल लागेपर्यंत मास्टरांनी कोणाला एकही प्रश्न विचारला नाही. गिऱ्हाइकांनाच चुकल्यासारखे होऊ लागले. औषधवाला मान मागे टाकून आपणहून म्हणे, "य ची किंमत वगैरे काही नाही का आज?" रुग्णालयात लिफ्टवाल्याचा मेव्हणा त्या पदाच्या पांढऱ्या कोटाचे माप देऊन गेल्याची बातमी आली. मास्टरीण डबा आणत, ठेवत आणि एक शब्द न बोलता निघून जात. त्या बोलत नाहीत ह्याचाच मास्टरांनी अधिक धसका घेतला होता.

निकाल लागला तेव्हा मास्टर आमच्या घरी आले. दाराशी उभे राहिले, आणि मी दार उघडल्यावर त्यांनी गुणपत्रक माझ्या हातात दिले. गणितात ते काठावर पास झाले होते. मी लगेच उत्तरपत्रिकेची प्रत मागवायला लावली. शिक्षकाची खोड ती. प्रत आली, त्यात आलेखाला पूर्ण गुण होते. ते गुण बाजूला काढले असते, तर मास्टर पुन्हा नापास झाले असते. आलेख कागदाच्या मागच्या बाजूवर तपासनिसाने एक मोठे प्रश्नचिन्ह काढले होते आणि मग बहुधा जेवायला उठला असावा, कारण पुढे काही लिहिलेले नव्हते.

मास्टरांनी गुणपत्रक कारकुनाला नेऊन दिले. त्याने शिक्का मारला. लिफ्टवाल्याच्या मेव्हण्याला पुढे रुग्णालयाच्या भांडारात जागा मिळाली, तिथे कोणाला चक्कर येत नाही.

मास्टर आता कायम आहेत. नियमाप्रमाणे त्यांना पांढरा कोट मिळाला आहे, त्यामुळे नवे रुग्ण त्यांनाच डॉक्टर समजून सगळी दुखणी सांगतात आणि ते सगळी ऐकून घेतात. सकाळी सहाला ते कामावर जातात, दोन वाजता सुटतात. सलून फक्त संध्याकाळी उघडे असते, आणि रविवारी बंद.